मवाळ पितळ

"आवाज कमी नकोय मला, मवाळ हवाय," बाई म्हणाल्या आणि नळांच्या खोक्यावरच टेकल्या.

मिस्त्रीनं लेथ बंद केला. त्याच्या कारखान्यात पितळेचे नळ आणि पाइपांचे जोड होत. ट्रम्पेट बनवाल का, असं विचारत कुणी आत येऊन वर्षं लोटली होती. उमेदीच्या काळात तो एका वाद्यांच्या कारखान्यात होता. तो बंद पडला आणि मिस्त्रीच्या नशिबी नळ आले.

"कुणासाठी हवंय?"

"आमच्या इमारतीत वाजतं, चौथ्या मजल्यावर. रोज संध्याकाळी. खालच्या आजोबांच्या कपातला चहा हिंदकळतो म्हणे. सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतात. मी सेक्रेटरी ना!"

"मग सरळ सांगा की, बंद कर म्हणून."

"तेवढं माझ्याच्यानं होत नाही."

"उद्धट आहे का फार?"

"छे हो! एकटं माणूस. नोकरीतून मोकळं झालं आणि जन्मभर मनात दाबलेली इच्छा बाहेर काढली. हौसेला तोटा नाही, सुराला आहे."

"या वयात सूर काय सुधारणार, डोंबल!" मिस्त्री खो खो हसला.

बाई हसल्या नाहीत. "मग निदान पितळ तरी सुधारा. येत्या सभेत वाद्यावर बंदीचा ठराव येतोय. तो झाला तर ते माणूस पार कोमेजून जाईल."

मिस्त्रीचं हसू विरलं. वाद्य हातातून जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो माळ्यावर चढला आणि धुळीनं माखलेले दोन जुने कर्णे घेऊन उतरला. एक फिकट पिवळा, एक लालसर.

"हे माझ्या नळाचं पितळ इथे चालायचं नाही," तो फडक्यानं कर्णे पुसत म्हणाला. "त्यात शिसं असतं. लेथवर झकास कापलं जातं, पण ठोकून फुलवायला गेलं की तडकतं. कर्ण्याला नुसतं तांबं आणि जस्त. जस्त जास्त असलं की हा असा पिवळा रंग. ऐका."

त्यानं फुंकलं. बाईंनी कानांवर हात ठेवले.

"आमच्याकडे हाच वाजतो! अगदी हाच!"

"आणि हा लालसर. यात तांबं जास्त."

आवाज निघाला तो गोल, उबदार. जणू कुणीतरी शेजारच्या खोलीत हळूच हसत होतं. बाई डोळे मिटून बसल्या.

"मिस्त्री, पुन्हा एकदा वाजवा ना."

काम सुरू झालं. लालसर पत्रा साच्यावर ठोकायचा. ठोकून ठोकून तो हट्टी झाला की भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा. पहिल्या कर्ण्याच्या वेळी मिस्त्रीला इतका उत्साह चढला की तापवायचा धीरच राहिला नाही, आणि कडेला टचकन चीर पडली. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला, नवा पत्रा घेतला आणि शीळ घालत पुन्हा ठोकायला बसला. मिस्त्री शीळ घालतो, हे त्याच्या बायकोलाही नव्यानंच कळलं.

बाई वरचेवर येऊ लागल्या. कर्णा किती फुलला ते बघत, गार झाला का विचारून हात लावत, चहा घेऊन जात.

"अहो, शेजाऱ्याच्या पिपाणीसाठी एवढ्या खेपा कोण घालतं?" बायको एकदा मिस्त्रीच्या कानाशी लागली. "जीव जडलाय बाईंचा त्या चौथ्या मजल्यावर."

"काहीतरीच तुझं!"

"पैज लावा."

मिस्त्रीनं पुढच्या खेपेला मुद्दाम खडा टाकला. "बाई, त्यांना आवडेल ना हो?"

"आवडेल. खूप आवडेल," बाई म्हणाल्या आणि लाजल्या. अगदी कानापर्यंत लाल झाल्या. बायकोनं मागून मिस्त्रीला कोपर मारलं.

मग तर मिस्त्रीनं जीव ओतला. तोंडाशी धरायची वाटी त्यानं जरा खोल केली, म्हणजे आवाजाची उरलीसुरली धारही बोथट व्हावी. कर्णा घासून असा लखलखीत केला की बायकोनं त्यात बघून टिकली सारखी केली.

"एकदा फुंकून बघता, बाई?"

बाई दचकल्या. "इथे? नको बाई! तुम्हीच वाजवा." आणि वाद्य घेऊन जाता जाता म्हणाल्या, "सभेच्या दिवशी दोघं या. ऐकायला."

दोघं ठेवणीतले कपडे घालून गेले. इमारतीच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, मंडळी जमली होती. वरच्या उघड्या खिडकीतून ट्रम्पेट वाजत होतं. सूर तीनदा घसरला, एकदा तर पार दरीत कोसळला. पण आवाज मात्र मधासारखा होता. एक तान्हं बाळ आईच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. मिस्त्रीचे डोळे भरून आले.

"त्या बंदीच्या ठरावाचं काय झालं हो?" त्यानं शेजारच्या आजोबांना विचारलं.

"मागे घेतला मी. आता चहा हिंदकळत नाही. उलट वाजलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं."

बायकोला दम निघेना. ती खुर्च्यांवर नजर फिरवत होती. त्या दोघांना एकदा शेजारी शेजारी बसलेलं बघायचं होतं तिला.

"आणि सेक्रेटरीबाई कुठे दिसत नाहीत त्या?"

आजोबांनी खिडकीकडे मान वर केली.

"येतील की. एवढं गाणं वाजवून झालं की उतरतातच त्या खाली."