रात्रीची गोळी

“ताई, अक्षरं बदलायची ही जीसब आज्ञा एका जागेवर थांबत नाही. दिसेल तिथं बदलत सुटते. कितव्या जागेवरचं बदलायचं, तेही विचारून घ्या,” असं रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या ऑनलाइन वर्गातल्या ज्ञानेशने हर्षालीला बजावलं होतं. तेव्हा आठ महिन्यांची चैताली मांडीवर बसून लॅपटॉपची कड चावत होती. “हो रे, बघते नंतर,” म्हणून हर्षालीने विषय मिटवला. तिच्या प्रोग्रॅमने दोनच प्रश्न विचारले. कोणतं अक्षर काढू? त्या जागी काय ठेवू? आणि पहिल्याच झटक्यात तो चालला. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिच्या हातून काहीतरी पुरं झालं होतं.

नेमका त्याच दुपारी देवळ्याच्या डॉक्टरांचा फोन आला. आईची, लंकाबाईंची, बीपीची रात्रीची गोळी बंद करायची होती. बाकी सगळं तसंच.

पाच गोळ्यांची ती यादी हर्षालीच करून पाठवायची. सकाळ, दुपार, रात्र. गोळीच्या नावापुढे कुठे १-०-१, कुठे १-०-०. लंकाबाई फोनवर ती मोठ्या अक्षरांत उघडायच्या आणि तिच्याबरहुकूम गोळ्या घ्यायच्या. एक आकडा हाताने बदलायला वेळ तो कितीसा? पण नवाकोरा प्रोग्रॅम समोर होता. हर्षालीने यादी त्यात टाकली. काय काढू? १. काय ठेवू? ०. तेवढ्यात चैतालीने भोकाड पसरलं. एका हाताने यादी आईला पाठवून दुसऱ्या हाताने तिने लेकीला उचललं.

आज तिसरा दिवस. नवरा, संतोष, कंपनीत गेला आणि हर्षालीने आईला फोन लावला.

“काय करतेस गं?”

“पापड तळते. खारातली मिरचीबी काढलीय.”

“पापड? अगं, मीठ बंद आहे ना तुझं!”

“आता कशाला बंद? बरी झाले की मी. तूच लिवलं ना, समद्या गोळ्यांपुढं शून्य. शेजारच्या कुसाबाईला सांगितलं मी, लेकीनं माझ्या गोळ्या सोडवल्या म्हणून. जळाली ती!”

हर्षालीने पाठवलेली यादी उघडली. पाच ओळी. पंधरा शून्यं.

“आई, चुकलं माझं. एकच बदलायची होती. रात्रीची.”

पलीकडे झारा कढईवर टेकल्याचा आवाज आला.

“आसूदे,” लंकाबाई म्हणाल्या. “पोर मांडीवर घेऊन करतेस तू समदं. अन् हे बघ हर्षू, डॉक्टरला माझं नाव सांग. म्हणावं, म्हातारीनंच वाचायला चूक केली. तुला नको कुणी बोलायला.”

हर्षालीने डॉक्टरांना खरं तेच सांगितलं. ते रागावले नाहीत, पण घाईने बोलले. सकाळच्या गोळ्या लगेच द्या, राहिलेल्या भरून काढू नका, आधी बीपी मोजून घ्या. हे सांगायला तिने आईला पुन्हा फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही तेच. कुसाबाईंचा नंबर तिने कधी घेतलाच नव्हता.

आता ती चैतालीला कडेवर घेऊन नाशिकच्या स्टँडवर उभी आहे. बस लागली आहे, पण देवळा गाठायला अडीच तास तरी लागतील. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असाल, तर हर्षालीचं एवढं काम करा. सटाण्याच्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीमागचं दुसरं घर. दाराला दिवसा कडी नसते. लंकाबाई आतूनच ओरडून सांगतील, बरी हाय मी. त्यावर परत फिरू नका. आत जा, त्यांना उजेडात बसवा आणि चेहरा एका बाजूला ओढला तर नाही ना, ते बघा.