एक हात खिशात

"थांबा! आधी मला दांडी टेकवू द्या!" लॅबचा तंत्रज्ञ ड्यूई दारातूनच ओरडला.

प्रोफेसर हॅल्व्हरसन यांनी वळूनही पाहिलं नाही. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरच्या कपाटातली एक तार सुटली होती आणि त्यांचं निरोपाचं व्याख्यान उद्यावर आलं होतं. पडद्यावर त्यांच्या प्रोग्रॅमने हिशोबाने काढलेली रेघ, शेजारी या खऱ्या यंत्राची रेघ, आणि दोन्ही तंतोतंत एक. सर्किटं शिकवण्यात गेलेल्या एकतीस वर्षांचा शेवट त्यांना असाच हवा होता.

"वीज बंद करून दहा मिनिटं झाली, ड्यूई. दोन मिनिटांत सगळा चार्ज उतरतो. तो बघ, कॉम्प्युटरचा हिशोबही शून्य दाखवतोय."

"कॉम्प्युटरला शॉक बसत नाही, प्रोफेसर. निदान एक हात तरी खिशात ठेवा."

लॅबमधल्या जुन्या तंत्रज्ञांचा हा नियम. दोन्ही हात आत गेले, तर करंट छातीतून जातो. हॅल्व्हरसन वर्गात या नियमाची नक्कल करत आणि पोरं खो खो हसत. त्यांनी बाह्या सारल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

ड्यूईने भिंतीवरची लाकडी दांडी ओढली आणि हाणली. उजव्या मनगटाचं हाड काडकन मोडलं. हॅल्व्हरसन किंचाळले, मग पिसाळले. डाव्या मुठीने त्यांनी ड्यूईच्या तोंडावर ठोसा मारला, लगेच दुसरा.

"माझ्यावर हात उचलतोस? स्क्रू पिळणारा तू! आजच्या आज हाकलतो तुला!"

ड्यूईचा ओठ फाटला होता. त्याने एकही ठोसा परत केला नाही. दांडीच्या तांब्याच्या टोकाला जमिनीत गेलेली तार होती. ते टोक त्याने कपाटात टेकवलं.

धाडकन निळा लोळ उठला. हॅल्व्हरसन खाली आदळले. कानांत नुसती शिट्टी वाजत होती. दांडीचं टोक वितळून गेलं होतं.

ड्यूईने टॉर्च मारून आत पाहिलं. चार्ज उतरवणारा रेझिस्टर मधोमध तडकला होता.

"हा कधीच मेलाय," तो रक्त थुंकत म्हणाला. "तुमच्या प्रोग्रॅमला कुणी कळवलं नाही वाटतं."

पडद्यावरची प्रोग्रॅमची रेघ अजून शून्यावर सपाट होती. हॅल्व्हरसन तिच्याकडेच बघत होते.

"चला, दवाखान्यात जाऊ. हात द्या तुमचा."

उजवा लोंबत होता. डावा त्यांनी पँटच्या खिशात कोंबला होता आणि तो काही केल्या बाहेर येईना.