कुठलं हत्यार?

सुतारकाकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" "बरं आहे," काका म्हणाले, पण मुठीत चादर आवळलेली होती. बायकोसमोर कण्हायचं नाही, असा बाणा. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. सिस्टर मात्र थांबली. "काका, बरं-बिरं नको. आत कुठलं हत्यार चालतंय? पॉलिशपेपर, रंधा की करवत?" काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "गिरमिट," ते हळूच म्हणाले. "सकाळपासून एकाच जागी भोक पाडतंय." सिस्टरने धावत जाऊन डॉक्टरांना परत आणलं. आत पू झाला होता, वेळेत कळलं. आठवडाभरात काका पॉलिशपेपरवर आले. घरी निघताना त्यांना दिसलं, सिस्टर एका पायावर भार टाकून उभी आहे. "पाय दुखतोय?" "छे, बरी आहे." काकांनी स्टूल तिच्यापुढे सरकवलं. "बरं-बिरं नको, पोरी. हत्यार सांग." ती मटकन बसली. "करवत, काका."