पाठीवरची जखम

करुणेवर चारशेपानी ग्रंथ लिहिलेल्या मला मुलाचे परिचारक होणे घराण्याचे नाक कापल्यासारखे वाटले. पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली, तेव्हा तो म्हणाला, “बाबा, आईचं सगळं मी करतो.” “मुलानं आईला पुसायचं? लोक तोंडात शेण घालतील!” मी सुनावले आणि शुश्रूषेला बाई नेमली. बाई प्रेमळ होती. पण रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, हे तिला ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते, त्याला मी उंबऱ्याबाहेर ठेवले होते. महिन्याने तो तरीही आला. आईला अलगद वळवताच थबकला. पाठीच्या तळाशी, एकाच कुशीवर पडून झालेली जखम हाडापर्यंत गेली होती. “बाबा, बॅटरी धरा.” त्याचे हात स्थिर होते, उजेड थरथरत होता. तिने क्षीणपणे विचारले, “आधीच का नाही आलास रे?” माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, “रजा मिळाली नाही, आई.”