तेविसावं नाव

"अर्ध्या मार्काने हुकलं तुमचं," विभागप्रमुख म्हणाले आणि घरचं कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

मॅडम अकरा वर्षं या परदेशी विद्यापीठात इंग्रजी शिकवत होत्या. यंदा नवा नियम निघाला होता: इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्या शिक्षकांनीही विद्यार्थ्यांसारखी इंग्रजीची परीक्षा द्यायची. पास झालात तर नोकरी कायम, नाहीतर वर्षाअखेर गाशा गुंडाळायचा. ऐकण्याच्या पेपरात रेकॉर्डिंगवरचा आवाज मॅडमचाच होता. त्यात पैकीच्या पैकी मिळाले. घोडं अडलं तोंडी परीक्षेत.

परीक्षक तिथेच कोपऱ्यात उभा होता. त्यांचाच जुना विद्यार्थी. पहिल्या वर्षी ‘गुड मॉर्निंग’ म्हणतानाही याला घाम फुटायचा.

"काय रे, कुठे चुकले मी?"

"कुठेच नाही, मॅडम." तो बुटांकडे बघत म्हणाला. "पण ओळखीच्या माणसाला मार्क देताना हात आखडता घ्यायचा, असं तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? परीक्षकांच्या ट्रेनिंगला?"

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मॅडमना फार वाटलं. पण शिकवलं होतं खरं.

"मनाला लावून घेऊ नका," प्रमुख म्हणाले. "नापासांसाठी तयारीचा वर्ग आहे. तो पुरा केला की अर्धा मार्क मिळतो. फक्त एकही खाडा चालत नाही. एक खाडा, की कायम होणं विसरा."

"अहो, तो वर्ग मीच घेते!"

"मग तर उत्तमच. शिक्षिका ओळखीची आहे."

"शिकवायलाही मी आणि शिकायलाही मीच?"

प्रमुखांनी वेळापत्रक दोनदा तपासलं. "वेळ तर जुळतेय."

तीन वाजता मॅडम वर्गात शिरल्या. तुकडी नवीकोरी होती, मुलांना त्यांचं नाव अजून ठाऊक नव्हतं. हजेरीपटावर बावीस नावं छापलेली होती. तेविसावं कुणीतरी हाताने लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात. बावीस जणांनी हात वर केले. मग मॅडमनी स्वतःचं नाव पुकारलं. कुणीच ओ दिली नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं, जरा मोठ्याने, आणि दाराकडे पाहिलं.

"रस्त्यात असेल ती," पहिल्या बाकावरची मुलगी कळवळून म्हणाली. "पाच मिनिटं वाट बघू या का?"

"नको," मॅडम म्हणाल्या आणि नावापुढे ठसठशीत ‘गैरहजर’ लिहिलं. "तिला इंग्रजी येतं."