सकाळचा प्रश्न

"इंजिन होता होईल तो सगळं वाचत नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर," मास्तर म्हणाले आणि बिस्किटाचा चुरा लागलेलं बोट चाटून तेच बोट त्यांनी पडद्यावर टेकवलं. काचेवर ओला ठिपका उमटला. नवीने खुर्ची जराशी मागे घेतली.

आजाऱ्यांच्या सेवेला घरोघरी बायका पुरवणारं ते ऑफिस. बायका खाली नाव नोंदवायच्या, वर ही दोघं डेटाबेस सांभाळायची. नवी नुकतीच लागली होती म्हणून नवी. मास्तर शिकवायला लागले की जेवण विसरत, म्हणून मास्तर. शिकवत मात्र झकास. टेबल म्हणजे पानांची चळत, पानावर ओळी, एक बाई म्हणजे एक ओळ. पानन् पान उलटून बाई शोधायची तर वेळ जातो, म्हणून शेजारी इंडेक्स ठेवायचा, जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते तसा. कुठल्या वाटेने जायचं ते इंजिन, म्हणजे ओळी शोधणारा प्रोग्रॅम, स्वतः ठरवतं, आणि विचारलं तर ती वाट आपल्यापुढे मांडूनही दाखवतं. नवीला हे भलतंच आवडलं होतं.

"शोध कुणालाही," मास्तर म्हणाले. "ओळखीतलं कुणी असेल तर तिलाच शोध."

तिने वहिनीचं नाव टाकलं. हॉस्पिटलच्या वॉर्डात होती तेव्हा जखमा बांधण्यात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथे नाव नोंदवून मात्र महिने लोटले, एका घरचं बोलावणं आलं नव्हतं. "माझं काही आलं का गं?" नवी दारात दिसली की तिचा पहिला सवाल. "नंबर लागला की कळेल," हे नवीचं ठरलेलं उत्तर. काल वहिनीने शेजारणीकडे धुण्याभांड्याचं काम आहे का म्हणून विचारलं होतं.

इंजिनने सगळी पानं चाळली आणि वहिनी सापडली. अनुभव, शिफारशी, फोटो, सगळं जागच्या जागी.

"आता तिलाच सकाळच्या प्रश्नात शोध."

सकाळचा प्रश्न म्हणजे ऑफिस उघडल्यावर रोज पहिली चालणारी क्वेरी: आज कुणाच्या घरी कोण पाठवायची. नवीने ती चालवली. पापणी लवायच्या आत यादी आली. यादीत वहिनी नव्हती.

नवीने इंजिनला वाट विचारली. ते टेबलभर हिंडलंच नव्हतं. एका लहानशा इंडेक्समधून नेमक्या ओळींवर उतरलं होतं. त्या इंडेक्सला एक अट होती. दिसणं: तीन किंवा जास्त.

"सर, दिसणं म्हणजे?"

"दिसणं म्हणजे दिसणं गं. खाली फोटो काढतात तेव्हाच पाचपैकी मार्क देऊन टाकतात. गिऱ्हाईक तोंडाने काही बोलत नाही, पण दारात बाई बघून नाक मुरडतं. मग आपणच आधी बघून घेतलेलं बरं." मास्तरांनी बिस्कीट कपात बुडवलं. त्याचा भिजून तुटलेला तुकडा त्यांनी बोटाने काढून तोंडात टाकला. "हा इंडेक्स मी बांधला. ज्या कधी लागणारच नाहीत त्यांना रोज कशाला चाळत बसायचं? त्यांना आत घेतलंच नाही. कसा पळतो बघितलंस ना?"

वहिनीच्या ओळीत 'दिसणं'च्या रकान्यात एक होता. तिच्या गालापासून गळ्यापर्यंत भाजल्याची खूण होती. घरात ती खूण कुणाला दिसायची थांबली त्याला जमाना झाला होता.

त्या कपाची, त्या बोटाची, खाली फोटो काढणाऱ्या बाईची, सगळ्याचीच नवीला किळस आली. आणि सगळ्यांत जास्त, हे सारं आपल्याला इतकं छान समजलं याची.

"हा इंडेक्स काढून टाकला तर?"

"काढ की. उत्तर तेच येईल, फक्त उशिरा. अट इंडेक्सची नाही, प्रश्नाची आहे. इंजिनाचा काय दोष? आपण रोज जे विचारतो, त्याचीच वाट मी जरा गुळगुळीत करून दिली."

म्हणजे वहिनीला नाही म्हणायला थोडा जास्त वेळ लागला असता, एवढंच.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या फोटोकडे. माणूस तसा वाईट नव्हता.

"घरातली आहे का?"

"वहिनी."

"अगं वेडे, मग आधी नाही का बोलायचं! एक आकडा तर बदलायचा. बदलला की त्याच क्षणी इंजिन तिला इंडेक्समध्ये घेतं, का म्हणून विचारत नाही. कर तू, मी बघितलंच नाही." त्यांनी खरंच खुर्ची खिडकीकडे फिरवली. "फक्त पाच नको देऊस हं. लोकांच्या डोळ्यांवर येतं."

उठावं, त्या पडद्यावर थुंकावं आणि चालू पडावं, असं तिला वाटलं. मग धुण्याभांड्याचं काम आठवलं. मागे मास्तरांचं चघळणं ऐकू येत होतं.

तिने रकाना उघडला आणि एक पुसला.

किती द्यावेत याचा अंदाज यावा म्हणून तिने फोटो मोठा केला. मान कलती करून, डोळे बारीक करून ती वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

चार जरा जास्तच होतील, असं तिच्या मनात आलं.