एकशेवीस-ऐंशी

सिस्टरनी सहा केसपेपर पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

"एकशेवीस-ऐंशी. एकशेवीस-ऐंशी. हेही तेच. वस्ती एवढी ठणठणीत असेल तर उद्यापासून दवाखान्याला कुलूप घालू या की."

मुलगी हसली नाही. कॉलेजातून मदतीला येण्याचा तिचा हा दुसराच शनिवार. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, हवा सोडत ठोके ऐकायचे. सगळं तिला तोंडपाठ होतं. पण आज दाराशी गर्दी, पोरांची रडारड, आणि कानात घातलेल्या नळ्यांतून काहीच येत नव्हतं. 'पुन्हा दाखवा' म्हणायची लाज वाटली. मग तिनं पुस्तकातला आकडा लिहिला. एकदा लिहिल्यावर पुढचे सोपे गेले.

"मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "सहाही जणांचं."

सिस्टरनी खिडकीतून औषधांच्या रांगेकडे पाहिलं. पाच जण तिथंच होते. सहावा कागद त्यांनी हातात धरला.

"ही शिवणकामवाली गेली. सातवा महिना, पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांना शंका होती. तुझा आकडा दोनदा बघितला, म्हणून तर डोकेदुखीची गोळी देऊन सोडली तिला. प्रेशर चढलेलं असलं तर झटके येतील, कळतंय का? दोन जीव आहेत."

त्यांनी फोन लावला. पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मुलीचे डोळे भरून आले.

"रडायचं नंतर. कामावर गेली असेल, पत्ता यावर आहे. प्रेशरचं मशीन घे, रिक्षा कर, आणि रिक्षा सोडू नकोस. या पाचांचं मी बघते."

कारखान्याच्या शेडमध्ये चाळीस शिलाई मशीन एकदम चालत होती. ती बाई तिसऱ्या रांगेत कॉलर जोडत होती. एक डोळा घट्ट मिटून.

"पुन्हा? सकाळी झालं की, ताई."

"हिचं प्रेशर कशाला वाढतंय," शेजारीण ओरडून म्हणाली, "ही आमचं वाढवते!" आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या.

मुलीनं पट्टा बांधला, फुगा दाबला, नळ्या कानात घातल्या. नुसती घरघर. काटा खाली आला, तरी घरघरच. ती उठली आणि सुपरवायझरकडे गेली.

"मशीन बंद करा."

"कुठलं?"

"सगळी."

"दोनला माल जायचाय, ताई. मस्करी करता काय?"

"मला ऐकू येत नाहीये!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की मागच्या रांगेनं माना वळवल्या. सुपरवायझरनं तिच्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेकडे, आणि भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला.

शेड गप्प झाली. मुलगी गुडघ्यावर बसली. काटा दोनशेपर्यंत चढवला आणि हवा अगदी हळू सोडली. दोनच रेघा, आणखी दोन. एकशे अठ्ठ्याहत्तरला ठोका आला. स्पष्ट, दाराबाहेरून कुणीतरी वाजवावं तसा. तो थेट एकशे चौदापर्यंत येत राहिला.

"किती?" बाईनं विचारलं.

"एकशे अठ्ठ्याहत्तर. दवाखान्यात चला, लगेच. बाहेर रिक्षा उभी आहे."

"आणि सकाळी?"

चाळीसजणी ऐकत होत्या.

"सकाळी मोजलंच गेलं नाही. मला ऐकू आलं नव्हतं. मी आपलं लिहिलं."

शेजारणीच्या हातातली कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. बाई सुजलेल्या बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग दंडावरच्या पट्ट्याकडे बघून म्हणाली,

"सोडू नकोस. परत चढव." तिनं हात पुढे केला. "आणि त्या नळ्या माझ्या कानात घाल."

मुलीनं त्या काढून तिच्या कानात बसवल्या. फुगा दाबला. काटा वर गेला आणि हळूहळू उतरू लागला. बाईनं डोळे मिटले होते. मुलगी तिच्या चेहऱ्याकडे बघावं की काट्याकडे, हे न कळून दोन्हीकडे बघत होती.

"आलं," बाई म्हणाली.

काटा एकशे ऐंशीवर होता.